दत्तोबाला शिकवलेला नकार

दुसऱ्यांदा पकडल्या गेलेल्या माणसाला आम्ही वकील मंडळी सगळ्यात आधी काय शिकवतो, ते सांगतो. कायदा नाही, पुरावा नाही, हात जोडून उभं कसं राहायचं तेही नाही. आम्ही त्याला गप्प बसायला शिकवतो. आणि गप्प बसणं जमत नसेल, तर 'नाही' म्हणायला.

हे वाचून कुणाला राग येणार असेल तर खुशाल यावा. मला स्वतःला त्याची लाज वाटते. ती वाटते तरी रोज सकाळी काळा कोट चढवून मी त्याच कामाला जातो, याची आणखी वाटते. दिवाळी अंकासाठी माझ्याकडे कोर्टातले गमतीदार किस्से मागितले होते. एक आहे, तो देतो. बाकीच्यात गंमत नाही.

मी चिकोडीकडचा. राज्यांची नवी मांडणी झाली त्याच्या पुढच्या वर्षी कायदा शिकायला बंगळूरला आलो आणि शिकता शिकता नशाबंदीच्या चळवळीत पडलो. बसवनगुडीत आपल्या लोकांचं एक छोटं मंडळ होतं. दारू, गांजा, अफू यांच्याविरुद्ध सभा घ्यायच्या, पत्रकं वाटायची. पत्रकं मी लिहायचो, मराठीत आणि मोडक्या कन्नडमध्ये. 'उठा', 'फेका', 'किती दिवस झोपणार' ही माझी भाषा. छापखान्यातला कंपोझिटर वैतागून म्हणायचा, "अण्णा, उद्गारचिन्हांचे खिळे संपले. आता स्वल्प पूर्णविरामावर भागवा." स्वल्प म्हणजे कानडीत जरा.

सनद मिळाल्यावर मी हणमंतराव वकिलांचा ज्युनियर झालो. हणमंतराव विजापूरकडचे, बसवनगुडीतल्या घराच्या व्हरांड्यातच त्यांचं ऑफिस. गांजा-अफूचे खटले त्यांच्याकडे फार यायचे. मंडळातले लोक मला टोचून विचारायचे, "सकाळी गांजाविरुद्ध भाषण आणि दुपारी गांजावाल्याची वकिली?" मी उलट विचारायचो, पोतंभर माल आणणारा व्यापारी कधी पिंजऱ्यात पाहिलात? ज्याचा पहिला गुन्हाच सापडत नाही, त्याच्यावर दुसरा कसा लागणार? वारंवार गुन्हेगार म्हणून उभा राहतो तो पुडीवाला, हमाल, टांगेवाला. त्याच्या बाजूनं कुणी बोलायचंच नाही का? हे मी तेव्हा म्हणायचो आणि आजही म्हणतो. माझी लाज त्याबद्दलची नाही.

आता धंद्यातली गोष्ट, बाहेरच्या माणसाला कळेल अशी. गांजाच्या पुडीसकट माणूस पकडला, तर पहिल्या वेळी बहुतेक दंडावर भागतं. तोच माणूस पुन्हा सापडला, तर शिक्षा वाढते, जेल ठरलेली. पण त्यासाठी सरकारला दोन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात. आधी शिक्षा झाली होती, ही एक. ती याच माणसाला झाली होती, ही दुसरी. पहिली सोपी, जुन्या निकालाची नक्कल आणली की झालं. सगळी मेख दुसरीत आहे. निकालात नुसतं नाव असतं आणि बापाचं नाव असतं. त्या नावाची माणसं ह्या शहरात किती! पुडीच्या खटल्यात बोटांचे ठसे कोण घेत बसतो? मग ज्यानं पकडलं तो जुना हवालदार शोधून आणायचा आणि त्यानं पिंजऱ्याकडे बोट दाखवून 'हाच तो' म्हणायचं. हवालदाराची बदली झालेली असते, नाहीतर त्यानं इतके चेहरे पकडलेले असतात की त्याला सगळे सारखेच दिसतात. तिथं आम्ही जिंकतो.

आणि हरतो ते आरोपीच्याच तोंडामुळे. मॅजिस्ट्रेट विचारतात, याआधी शिक्षा झाली होती का? हा हात जोडून म्हणतो, झाली होती स्वामी. संपलं.

आमचे एक आशील, तात्या, असेच हरले. सरकारी कचेरीत जन्म काढलेले, धोतर-कोट-टोपीतले, जुने अफू खाणारे. पूर्वी अशांना परवाना मिळायचा. पुढे परवाने बंद झाले, तात्यांची अफू काही बंद झाली नाही. खटल्याच्या दिवशी सरकारी वकिलांनी सांगितलं की यांना आधी दोनदा शिक्षा झालेली आहे. हणमंतराव हरकत घ्यायला उठेपर्यंत तात्यांनी पिंजऱ्यातून बोट वर केलं.

"तीनदा. होसकोट्याच्या कोर्टातली राहिली तुमची."

अख्खं कोर्ट हसलं. मॅजिस्ट्रेटनी तोंडापुढे रुमाल धरला. बाहेर आल्यावर हणमंतराव म्हणाले, "तात्या, मी तुमचा वकील की त्यांचा?"

"अहो, पण राहिली होती ना! अर्धवट कागद सहन होत नाही मला. जन्मभर कारकुनी केलीय."

हा तो गमतीदार किस्सा. तात्या आत गेले. अफू एकदम तुटल्यावर त्या वयात माणसाचं काय होतं, ते दिवाळीच्या अंकात लिहिण्यासारखं नाही. त्या दिवसापासून हणमंतरावांनी आरोपींना शिकवायचं काम माझ्याकडे दिलं. "तुम्ही सभेत लोकांना बोलतं करता ना? आता गप्प करायचंही शिका."

मी शिकलो, आणि चांगलं शिकलो. आरोपीला शपथ नसते. तो खोटं बोलला तरी त्या खोट्याची वेगळी शिक्षा नाही. कायद्यातली ही फट मला सापडली तेव्हा काय आनंद झाला होता! मी प्रत्येकाला ती पत्रकातल्यासारखी ठणकावून सांगायचो.

मग दत्तोबा आला.

दत्तोबा शिंपी. त्याचं घर कितीतरी पिढ्यांपूर्वी मराठी मुलखातून इकडे आलेलं. मराठी अर्धी, कन्नड अर्धी, बोलायला गोड. एका खोलीचं दुकान, एक मशीन. शाळेचे गणवेश शिवायचा. पण तरुणपणी गांजा ओढायचा, पुढे ओढण्यापुरते पैसे सुटावेत म्हणून पुड्या विकायला लागला आणि दोनदा जेलमध्ये जाऊन आला. मी मंडळात नवा असताना तो आमच्या सभेला आला होता.

आमच्या मंडळाची एक रीत होती. व्यसन सोडणाऱ्यानं मारुतीच्या देवळासमोरच्या कट्ट्यावर उभं राहायचं. आपलं नाव, बापाचं नाव, गाव सांगायचं. काय ओढलं, काय प्यालो, कुठं जेल झाली, काही गाळायचं नाही. मग आजपासून सोडलं म्हणायचं आणि चिलीम किंवा बाटली दगडावर फोडायची. नाव न घेता सोडलेलं धरत नाही, असं सगळे मानायचे. मीही मानायचो. पुष्कळजण कट्ट्यापर्यंत यायचे आणि नावाशी अडखळून परत जायचे. दत्तोबा अडखळला नाही. त्याची बायको गौराक्का मागे बायकांत उभी होती, तिच्याकडे बघत त्यानं खणखणीत आवाजात सगळं सांगितलं आणि चिलीम अशी आपटली की एक तुकडा आमच्या अध्यक्षांच्या धोतरावर गेला.

मी त्यावर पत्रक लिहिलं. 'एका शिंप्याचा पुनर्जन्म'. नाव, बापाचं नाव, दोन्ही जेल, सगळं छापलं. खाली मंडळाचं नाव. माझं नव्हतं, पत्रकावर ते कधीच नसायचं. दत्तोबानं ते दुकानाच्या भिंतीवर चिकटवलं. गिऱ्हाइकाचं माप घेता घेता टेप तिकडे दाखवायचा आणि म्हणायचा, "हे मीच हं सर. वाचा, वाचा." वर्षं गेली, त्यानं पुन्हा हात लावला नाही. गौराक्का मला रस्त्यात भेटली की म्हणायची, "त्या बोलण्यानं धरून ठेवलंय हो अण्णा त्यांना. दुसरं कशानं नाही."

आणि एक दिवस त्याच्या दुकानात गांजा सापडला.

आनेकलकडचा एक गिऱ्हाईक कोट ढिला करायला टाकून गेला होता. अबकारीच्या लोकांनी धाड घातली तेव्हा त्या कोटाच्या अस्तरात पुड्या निघाल्या. कोटवाला पुन्हा फिरकलाच नाही. दत्तोबाला त्याचं नावही ठाऊक नव्हतं, 'उंच माणूस, एक खांदा उतरलेला' एवढंच तो सांगायचा. शिंप्याची ओळख ती. हणमंतराव म्हणाले, "कोटाची गोष्ट खरी आहे, पण कोटवाला आल्याशिवाय तिचा उपयोग काय? कोट त्यांच्या ताब्यात, माणूस आपल्याकडे नाही. हा दोषी ठरणार. आता एकच बघायचं, जुन्या दोन शिक्षा याच्या अंगाला लागू द्यायच्या नाहीत. लागल्या तर दीड-दोन वर्षं आत. दुकान गेलं, मशीन गेलं."

व्हरांड्यात मी दत्तोबाला समोर बसवलं. शेजारी गौराक्का.

"मॅजिस्ट्रेट विचारतील, आधी शिक्षा झाली का. तुम्ही म्हणायचं, नाही."

"नाही कसं म्हणू अण्णा? झालीय की."

"झालीय ते तुम्हाला ठाऊक. त्यांना ठाऊक नाही. सिद्ध करणं त्यांचं काम."

"पण कट्ट्यावर नाव घेऊन सांगितलंय मी. तुम्हीच तर पुढं उभे होता."

"तो कट्टा, हे कोर्ट. इथं तुम्हाला शपथसुद्धा नाही. कोर्ट कागदावरच्या माणसाबद्दल विचारतं. तो कागदावरचा माणूस वेगळा, तुम्ही वेगळे. गांजा ओढणारा दत्तोबा आता उरलाय का? नाही ना? मग 'नाही' म्हणण्यात खोटं काय?"

हे मी बोललो. पत्रकं लिहून लिहून जीभ अशी झाली होती की कुठलीही गोष्ट उदात्त करून सांगता यायची. मग गौराक्का म्हणाली, "म्हणा हो नाही. कुणाला काय पडलंय? घरी या म्हणजे झालं."

तो "सरी" म्हणाला, म्हणजे बरं.

निघताना त्यानं विचारलं, "भिंतीवरचं काढू?" मी म्हटलं, "काढा."

खटला हणमंतराव म्हणाले तसाच चालला. कोटाची गोष्ट कुणी मानली नाही, दत्तोबा दोषी ठरला. मग जुन्या शिक्षांचा प्रश्न आला. जुना हवालदार उभा राहिला. हणमंतरावांनी त्याला चष्मा पुसायला लावला, दत्तोबाकडे बघायला लावलं, मग मागच्या बाकावरच्या दोघा-तिघांकडे बघायला लावलं. शेवटी हवालदार म्हणाला, "असेल, नसेल. पुष्कळ वर्षं झाली."

आम्ही सुटकेचा निःश्वास टाकतोय तोच सरकारी वकिलांनी एक पिवळा पडलेला कागद पुढे केला. माझं पत्रक. आमच्या सभांना मागच्या रांगेत साध्या कपड्यातला एकजण येऊन बसायचा, आम्ही त्याला श्रोता समजायचो. त्यानं ते जपून ठेवलं होतं.

हणमंतराव सावकाश उठले. "महाराज, हा कागद कुणी लिहिला? लेखकाचं नाव नाही. असली पत्रकं उत्साही पोरं लिहितात. लोकांना सुधारायचं म्हणून माणसं कल्पनेनं रंगवतात. लेखक कोर्टापुढे येऊन सांगणार असेल तर सांगू दे. कुठं आहे लेखक?"

लेखक त्यांच्या डाव्या हाताला बसला होता, मांडीवर केसचा गठ्ठा घेऊन. हणमंतरावांना ते पक्कं माहीत होतं. नंतर मला म्हणाले, "मी फक्त प्रश्न विचारला. खोटं एक अक्षर बोललो नाही." बरोबर आहे. मीही बोललो नाही. वकिलाच्या धर्मानं मला बोलता येत नव्हतं, हेही बरोबर आहे. आशिलाच्या विरुद्ध उठून साक्ष देणारा वकील कसला? सगळं नियमात बसणारं होतं. माझी मान मात्र वर होत नव्हती.

मॅजिस्ट्रेटनी कागद दत्तोबापुढे धरायला लावला. "यात लिहिलेला माणूस तू आहेस का?"

दत्तोबा आधी कागदाकडे बघत होता, मग माझ्याकडे बघायला लागला. मी हळूच मान हलवली. नाही.

"नाही स्वामी," दत्तोबा म्हणाला. "हा कोण मला माहीत नाही."

जुन्या शिक्षा लागल्या नाहीत. दंड आणि कोर्ट उठेपर्यंतची कैद. हणमंतरावांनी हॉटेलात सगळ्यांना कॉफी पाजली, माझ्या पाठीवर थाप मारली. "तयारी चांगली करून घेतली हो तुम्ही." दत्तोबाची कॉफी पेल्यातच निवली.

पुढच्या सभेला तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मी दुकानात गेलो. भिंतीवर कागदाच्या जागी चौकोनी डाग होता. दत्तोबा शिवत होता, टाके वाकडे पडत होते, आणि दुकानात तो वास होता. ज्याला ठाऊक आहे त्याला चुकत नाही.

"दत्तोबा, हे काय?"

"काय म्हणजे? गांजा." तो हसला. त्या हसण्यात टोमणा नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं. "सोडला होता त्या माणसानं. तो कोण मला माहीत नाही, असं भरल्या कोर्टात सांगून आलो ना मी? घरी आलो, हात जोडून बसलो, पण काही आठवेना अण्णा. काय धरून बसू? बोललेलं होतं तेच परत घेतलं."

"मग पुन्हा बोला. या रविवारी या, नव्यानं कट्ट्यावर उभे राहा."

"आणि नाव घेऊ? दोन्ही जेल सांगू?" त्यानं मशीन थांबवलं. "तो मागं बसणारा पुन्हा लिहून नेईल. मग तुमचे वकील पुन्हा विचारतील, कुठं आहे लेखक. स्वल्प तुम्हीच सांगा, कसं करू?"

नाव न घेता शपथ द्या, असं मी मंडळात मांडून पाहिलं. अध्यक्ष म्हणाले, मग त्या शपथेत उरलं काय? तेही खरंच होतं. मागच्या रांगेतल्या माणसाला हाकलून द्या म्हटलं, तर म्हणाले, सभा सर्वांसाठी खुली आहे. मी संतापून बाहेर पडलो. संताप मला लवकर येतो, त्यानं काही सुटत नाही हे उशिरा कळलं.

दत्तोबा काही महिन्यांनी पकडला गेला. या वेळी कोट नव्हता, त्याच्याच खिशात पुड्या होत्या. पुन्हा विकायला लागला होता. हणमंतरावांनी मला लॉकअपकडे पाठवलं. मी तोंड उघडायच्या आत तो म्हणाला, "शिकवायला नको अण्णा. येतं आता मला."

आणि खरंच येत होतं. या वेळची जुनी शिक्षा म्हणजे कोटाच्या खटल्यातली, ताजी, सगळ्यांच्या डोळ्यादेखत झालेली, आणि पकडणारा हवालदारही त्याच धाडीतला. लपवण्यासारखं काही नव्हतंच. तरी मॅजिस्ट्रेटनी विचारल्यावर दत्तोबा हात जोडून, सरळ त्यांच्या डोळ्यांत बघून, जराही न अडखळता म्हणाला, "नाही स्वामी. मला कधी शिक्षा झाली नाही. मी या कोर्टात आजच आलोय."

मॅजिस्ट्रेट हसले. कारकून हसला. हवालदार तर पोट धरून हसला. मला कट्ट्यावरचा त्याचा तो खणखणीत आवाज आठवला, आणि हा आवाज त्याच्यापेक्षा जास्त सफाईदार होता. मी शिकवलेल्यांत इतका चांगला विद्यार्थी दुसरा झाला नाही. दीड वर्षाची शिक्षा लागली.

कोर्टाच्या पायरीवर गौराक्का उभी होती. मी तिला म्हटलं, "अपील करू अक्का. हणमंतराव फी घेणार नाहीत. शिक्षा कमी होण्यासारखी आहे, मुद्दे आहेत." मुद्दे खरंच होते. मालाचं वजन ओल्या कापडासकट केलेलं होतं, आणि पंच म्हणून आणलेला पानवाला प्रत्येक धाडीत पंच असायचा. मी ते भराभर सांगत सुटलो. ती ऐकत नव्हती.

"अण्णा, एक विचारू? तिथं आत रोज नावं पुकारतात ना?"

"पुकारतात. सकाळ-संध्याकाळ, हजेरीला."

"बापाच्या नावासकट?"

"हो."

"आणि ज्याचं त्यानं 'हो' म्हणावं लागतं?"

"म्हणावंच लागतं."

गौराक्कानं पदर खांद्यावरून घट्ट ओढून घेतला. "मग राहू दे त्यांना तिथं," ती म्हणाली आणि पायऱ्या उतरून बसच्या थांब्याकडे निघाली. अपिलाची मुदत गेली. मी ती जाऊ दिली.